डावा कोपरा

१

तुकडा तळहाताएवढा होता. बाहेरून पांढरा, आतून काळा, आणि तुटलेल्या कडेजवळ लाल रंगाची एक बारीक रेघ. ती लाल रेघ कुठून आली हे बंपरबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या ताईची सायकल लाल होती.

"बसतो का बघा," इन्स्पेक्टर म्हणाला.

सोमवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. त्याच पहाटे सहाच्या सुमाराला ताई दवाखान्यात ड्यूटीवर निघाली होती. नर्सची नोकरी, पहिली पाळी. कालव्याच्या रस्त्यावर मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं आणि गाडी तशीच पुढे निघून गेली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, खुब्याचा चुरा झाला. ज्या दवाखान्यात ती लोकांची अंथरुणं बदलायची, तिथेच आता तिला चार जणांनी उचलून अंथरुणावर ठेवलं होतं.

रस्त्यावर हा तुकडा सापडला होता. आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या अंगणात ही गाडी उभी होती, समोरच्या बंपरचा डावा कोपरा गेलेली. स्कूलच्या दोन गाड्या होत्या, दोन्ही पांढऱ्या, एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. एक नंबर स्कूलच्या मालकीणबाई, म्हणजे मॅडम वापरायच्या. दोन नंबरवर मास्तर शिकवायचे. तुटलेली होती ती दोन नंबर.

"बहीण तुमची आहे, मला माहीत आहे," इन्स्पेक्टर म्हणाला. "पण फुटक्या बंपरची नस ओळखणारं इथे दुसरं आहे कोण?"

ते खरं होतं. पंधरा वर्षं ती तेच करत होती. लोक फुटके बंपर घेऊन तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायचे आणि ती गरम हवेच्या बंदुकीने प्लास्टिक वितळवून, जोडून, घासून, रंगवून परत द्यायची. तिचं खरं नाव आता फक्त ताई वापरायची. बाकी सगळ्यांची ती बंपरबाई.

ती गुडघ्यावर बसली. डावा हात बंपरच्या आत सरकवून तिने आतून आधार दिला आणि उजव्या हाताने तुकडा लावला. टक्. दातात दात बसावा तसा बसला.

"बसला," ती म्हणाली.

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. पन्नाशीचा सडपातळ माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. "अगं, मी नव्हतो," ते म्हणाले. "सहाला मी घरी पाणी भरत होतो. साडेआठला आलो, गाडी बघितली आणि मॅडमना मीच जाऊन सांगितलं, कोपरा तुटलाय म्हणून."

"गाडीची किल्ली कोणाकडे असते?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"माझ्याकडे."

"दुसरी?"

उत्तर मॅडमनी दिलं. त्या ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. साठी उलटलेली, पण पाठ ताठ. "दुसरी दोन वर्षांपूर्वीच हरवली. मास्तर, मला हे बोलताना फार वाईट वाटतंय." आणि हात हलवताना त्यांच्या डाव्या कोपराने स्टुलावरचा चहाचा ग्लास खाली पाडला. "इथे कोणी ठेवला हा?" त्या ओरडल्या. स्कूलमध्ये नियमांचे वर्ग घेणारा त्यांचा मुलगा धावत आला आणि काचा वेचू लागला. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती.

बंपरबाईला हे सगळं दिसत होतं आणि काहीच दिसत नव्हतं. ती उठली आणि थेट मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"थांबला असतात तरी चाललं असतं," ती म्हणाली. "मास्तर, नुसतं थांबला असतात! अर्धा तास ती रस्त्यावर पडली होती. दूधवाल्याने उचललं तिला. लोकांना ब्रेक शिकवता ना तुम्ही?"

"ऐक तरी—"

"काय ऐकू? तुकडा बसलाय!"

पोलीस मास्तरांना घेऊन गेले. बंपरबाईने पाठ फिरवली नाही. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली, आणि तिला त्याचं बरं वाटलं.

२

बुधवारी दुपारी मास्तरांची बायको शेडमध्ये आली. चपला न काढता, न बसता, घासायच्या मशीनचा आवाज चालू असतानाच ती बोलायला लागली. बंपरबाईने मशीन बंद केलं.

"...दोन रात्री तो माणूस कोठडीत आहे. स्कूलमधून काढून टाकलंय. शेजारच्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. कशामुळे? तू 'बसला' म्हणालीस म्हणून!"

"वहिनी, माझी बहीण तिकडे—"

"तुझ्या बहिणीला बघून आले मी. हात जोडून आले. ती तुझ्यासारखी अंगावर नाही धावली. तिने मला एकच गोष्ट सांगितली. म्हणाली, मागून गाडी आली ती आली तशी गेली. हॉर्न नाही, ब्रेकची किंचाळी नाही, धडकेनंतर वेगसुद्धा कमी झाला नाही. जणू मी तिथे नव्हतेच." ती दम घ्यायला थांबली. "वीस वर्षं माझा नवरा शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांचे ब्रेक दाबतोय. झोपेतसुद्धा त्याचा पाय दाबला जातो. तो ब्रेक न मारता जाईल?"

"माणूस घाबरला की काहीही करतो."

"आणि तुझी स्वतःची अक्कल? गेल्या वर्षी ते शिकाऊ आजोबा भिंतीवर गाडी घेऊन गेले होते, तेव्हा याच दोन नंबरचा बंपर उजवीकडून उभा चिरला होता. कोणी जोडला? तूच ना? मॅडम म्हणत होत्या जोडकाम नको, नवा टाका. मास्तर म्हणाले, बंपरबाईचं काम आहे, नव्याला मागे टाकेल. मॅडमना न सांगता रविवारी तुझ्याकडे आणून दिला होता. इतका विश्वास! आणि तू त्याचे पांग असे फेडलेस."

ती गेली. बंपरबाईने पुन्हा मशीन चालू करायला हात पुढे केला आणि तो हात तिथेच थांबला.

उजवीकडून उभी चीर. वीतभर. तिला तो बंपर डोळ्यांसमोर दिसायला लागला. आतल्या बाजूने खाच पाडून तिने तारेची बारीक जाळी बसवली होती आणि वर प्लास्टिकची सळई वितळवून ओतली होती. बाहेरून रंग दिल्यावर काही दिसत नाही. पण आतून ती शिवण जाड राहते, वेणीसारखी, आणि आयुष्यभर राहते. ती घासून काढायची म्हटलं तर बंपरच फाटेल.

सोमवारी तिचा डावा हात आत होता. तुकड्याला आधार देण्यासाठी तिने तो पार उजवीकडे टेकवून धरला होता.

आत काही नव्हतं. गुळगुळीत होतं.

एवढंच नाही. सहा वर्षं रस्त्यावर पळालेल्या बंपरच्या आत चिखलाचे थर बसतात, बोटं काळी होतात. त्या दिवशी तिने हात बाहेर काढला होता तेव्हा तो स्वच्छ होता. रागाच्या भरात तिने तो स्वच्छ हात मास्तरांच्या तोंडासमोर नाचवला होता.

तिने मशीनचा प्लग इतक्या जोरात उपटला की भिंतीतली पेटीच बाहेर आली.

३

"तुम्हीच म्हणालात बसला," इन्स्पेक्टर म्हणाला. तो फाईलमधून मान वर काढत नव्हता.

"बसला म्हणाले. तुकडा त्या बंपरचाच आहे. पण बंपर त्या गाडीचा नाही."

आता मान वर आली.

"साहेब, बंपर म्हणजे काही गाडीचं हाड नव्हे. कातडं आहे. दहा-बारा स्क्रू आणि खटके. बॉनेट उघडायला किल्ली असली, की ज्याला येतं त्याला अर्धा तास लागतो. पांढऱ्या गाडीचं कातडं काढून दुसऱ्या पांढऱ्या गाडीला घातलं आणि नंबरप्लेटा बदलल्या, की झालं."

"आणि हे तुम्ही सोमवारी का नाही सांगितलंत?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. येताना रस्ताभर ती त्याचं उत्तर शोधत होती.

"कारण सोमवारी मला कोणीतरी हवा होता," ती म्हणाली. "आणि तुम्ही समोर आणून उभा केलात."

इन्स्पेक्टरने फाईल मिटली. "दोन नंबरचा मूळ बंपर मग कुठे असेल?"

"तेच बघायला चला."

४

अंगणात एक नंबर उभी होती. धुतलेली, चकचकीत. मुलगा पायरीवर बसून मोबाईल बघत होता. पोलिसांची जीप दिसताच तो उठला. "आता काय राहिलंय?"

बंपरबाई कोणाशी बोलली नाही. जमिनीवर आडवी झाली, एक नंबरच्या बंपरखालून हात आत घातला आणि उजवीकडे सरकवला. बोटांना आधी चिखल लागला. सुकलेला, जुना, थरावर थर. मग वेणी लागली.

डोळे मिटून तिने ती पूर्ण चाचपली. वीतभर. मध्ये एक गाठ होती. तिथे तेव्हा सळई संपून तिने दुसरी घेतली होती.

"सापडलं," ती जमिनीवरूनच म्हणाली. "हे माझं काम आहे. दोन नंबरचा बंपर."

"काय वाटेल ते बरळतेय ही," मुलगा म्हणाला.

"वाटेल ते? मग काढ हा बंपर. तुला काढता येतो. बोटं कापून घेतलीस ना खटके उपटताना?"

मुलाने पट्टीचा हात पाठीमागे नेला. "डब्याचं झाकण लागलं होतं."

तिने बॅगेतली हत्यारं काढली आणि स्वतःच कामाला लागली. चाकाच्या कमानीतले स्क्रू, खालचे, वरचे. तीन खटके आधीच मोडलेले निघाले. बंपर सुटून हातात आला आणि मागे जे दिसलं त्याने इन्स्पेक्टरनेही ओठ आवळले. डाव्या कोपऱ्यातला फोमचा ठोकळा चेपून चपटा झाला होता. दिवा धरून ठेवणारा प्लास्टिकचा कान तुटून लोंबत होता. वरून कातडी धडधाकट आणि आतून बरगड्या मोडलेल्या.

"आता दोन नंबरचा काढते," ती म्हणाली. तोही काढला. फुटक्या बंपरच्या मागे फोम शाबूत होता, दिवा शाबूत होता. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

ऑफिसच्या दारात मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या.

इन्स्पेक्टर मुलाकडे वळला. "दुसरी किल्ली कुठे आहे?"

मुलाने आईकडे बघितलं. मग त्याने खिशातून किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. "मी चालवत होतो," तो म्हणाला. "सोमवारी पहाटे. एक नंबर. मीच उडवलं. बंपरही मीच बदलले. मास्तर सुटतील असं वाटलं होतं. आईचा काही संबंध नाही."

इन्स्पेक्टरने शिपायाला खूण केली. सगळं संपल्यासारखं झालं. पण बंपरबाई अजून फुटका बंपर मांडीवर घेऊन बसली होती.

"थांबा," ती म्हणाली. "हा खोटं बोलतोय."

५

"ती दिसल्यावर तू काय केलंस?" तिने मुलाला विचारलं.

"ब्रेक मारला. पण उशीर झाला होता."

"हॉर्न?"

"दिला ना. दोनदा."

"माझी बहीण म्हणते हॉर्न नाही, ब्रेक नाही. धडकेनंतर वेगसुद्धा उतरला नाही. तू रोज लोकांना पोरांना सांगावं तसं सांगतोस, आरसा बघा, कडेची सायकल बघा. सहाला उजेड होता. लाल सायकल, पांढरा गणवेश. तिला बघून ब्रेक न मारणारा माणूस एकतर राक्षस असला पाहिजे, नाहीतर—"

ती वाक्य पुरं न करता फुटका बंपर उलटा करून बघू लागली. आतलं प्लास्टिक नवं कोरं होतं. अजून चिखलाचा एक थरही चढला नव्हता.

"हा मी मार्चमध्ये बसवला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "एक नंबरला. मॅडम जोडकाम घेत नाहीत, नवाच लावतात. त्याच्या आधी उधळ्यासारखा दुसरा एक फेकून दिला, नुसता कोपरा खरवडला होता तरी. त्याच्याही आधी दोन. दोन वर्षांत तीन. आणि तिन्हींचा," तिने वर बघितलं, "डावा कोपरा."

इन्स्पेक्टरने शिपायाला थांबायची खूण केली.

"तिन्ही वेळा मॅडमनी वेगळं कारण सांगितलं. फाटक अरुंद आहे. कोणीतरी उभ्या गाडीला ठोकलं. शिकाऊने घासली. मी तिन्ही वेळा मान डोलावली आणि नवा लावून दिला."

ती उठली. रस्त्यावर सापडलेला तुकडा तिने इन्स्पेक्टरच्या हातून मागून घेतला आणि मॅडमच्या समोर गेली.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका. समोर फाटकाकडे बघा. मान वळवू नका."

"कशासाठी? मी काय शाळेतली मुलगी आहे?"

"फक्त फाटकाकडे बघा."

मॅडमनी हनुवटी उचलून फाटकाकडे बघितलं. बंपरबाई पायांचा आवाज न करता त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि तो पांढरा तुकडा तिने त्यांच्या गालापासून हातभर अंतरावर धरला. मग वीतभर. लाल रेघ इन्स्पेक्टरला दिसत होती, शिपायाला दिसत होती. मुलाने चेहरा ओंजळीत लपवला.

मॅडम फाटकाकडे बघत होत्या. पापणी हलली नाही.

"काय विचारायचं ते विचार ना," त्या म्हणाल्या. "कुठे गेलीस?"

"इथेच आहे," बंपरबाई त्यांच्या कानाशी म्हणाली.

मॅडम दचकल्या, अख्ख्या वळल्या आणि तुकडा त्यांच्या नाकाला लागला.

६

त्यानंतर मॅडम खुर्चीत बसूनच बोलल्या. डाव्या बाजूचं दिसणं दोन वर्षांपासून कमी होत गेलं होतं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं होतं. कागद मुलाच्या कपाटात होता.

"मला वाटलं कठड्याला घासली," मॅडम म्हणाल्या. "शपथ घेऊन सांगते. आवाज आला, पण मला वाटलं कठडा. घरी आले तेव्हा याने लाल रंग बघितला."

"किती वाजता?" बंपरबाईने विचारलं.

"सव्वासहा."

"आणि सव्वासहाला कळल्यावर? माझी ताई साडेसहापर्यंत रस्त्यावर होती. तुम्ही तिकडे माणूस पाठवला नाहीत. स्क्रू काढत बसलात!"

"तीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय," मॅडमचाही आवाज चढला. "तीस वर्षं! मला दिसत नाही असं बाहेर कळलं तर कोण पाऊल ठेवेल इथे? या शाळेशिवाय मला आहे काय? तुला काय समजणार?"

"मला समजतं ना. म्हणूनच अंगाची आग होतेय. दिसत नव्हतं हा तुमचा गुन्हा नाही, मॅडम. पण मास्तर तर समोर उभे होते. उजव्या बाजूला. ते चांगले दिसत होते तुम्हाला!"

मुलगा म्हणाला, "मी किती वेळा सांगितलं आईला, पण—"

"तू गप्प बस," बंपरबाई त्याच्यावर उसळली. "दोन नंबरची किल्ली तुझ्या खिशात होती. लपवायची होती तर एक नंबरची आईपासून लपवायचीस."

इन्स्पेक्टरने दोघांना जीपमध्ये बसवलं. जाताना तो तिला म्हणाला, "तुमच्यामुळे निरपराध माणूस सुटला, बाई."

"माझ्यामुळेच आत गेला होता," ती म्हणाली. "तेही लिहा. माझ्या नावानिशी लिहा. सही करायला मी येते."

७

ताईचा पाय वजन लावून वर टांगलेला होता. बंपरबाईने तिला सगळं सांगितलं, बसल्या जागी, एका दमात. सांगताना मध्येच तिचा आवाज इतका वाढला की पलीकडच्या खाटेवरची आजी उठून बसली.

"हळू," ताई म्हणाली. "हा माझा वॉर्ड आहे. उद्या मला इथे तोंड दाखवायचंय."

"तुला राग येत नाही?"

"येतो. रात्रंदिवस येतो. खाज सुटली तरी पाय खाजवता येत नाही, तेव्हा तर फारच येतो. मॅडम समोर आल्या तर मी हे वजन सोडवून त्यांना फेकून मारेन." ताईने डोळे मिटले. "पण दोन वर्षं त्या तशा गाडी चालवत होत्या. मुलाला माहीत होतं. डॉक्टरला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," बंपरबाई म्हणाली. "तीन डावे कोपरे माझ्या हातून गेले. एकदा जरी विचारलं असतं, मॅडम, दर वेळी डावाच कसा हो, तर..." तिने खाटेच्या लोखंडी दांड्यावर मूठ आपटली. दुखलं, म्हणून पुन्हा आपटली.

ताईने तो हात धरला. तळव्याला भाजल्याचे जुने डाग होते. ते ती अंगठ्याने चोळत राहिली.

"मास्तरांकडे गेलीस?"

"गेले होते. वहिनींनी खिडकीतून बघितलं आणि दार उघडलं नाही."

"मग?"

"मग काय? परत आले. बरोबरच केलं त्यांनी. मी असते तर वरून बादलीभर पाणी ओतलं असतं."

"उद्या परत जा."

"उद्याही नाही उघडलं तर?"

"परवा जा. तेरवा जा. पायऱ्यांवर बस, त्यांना शिव्या द्यायच्या असतील तर खाली मान घालून ऐक. उलट बोलायचं नाही. ते जमेल का तुला?"

"नाही जमणार," बंपरबाई म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते आणि ती अजूनही रागावलेली होती. कोणावर, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि उठली. "किती वाजता घरी असतात ते?"

"सहाला," ताई म्हणाली. "पाणी भरत असतात."